डावा पाय मागाहून वाजत होता

मास्तर, सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून गच्चीवर फेऱ्या मारून आलो. नात बास्केटबॉल खेळते. तिची कोच, जेमतेम पंचविशीतली मुलगी, वहीत प्रत्येकीची मैदानावरची मिनिटं लिहून ठेवते आणि ठरलेली भरली की चांगल्या खेळणारीलाही बाकावर बसवते. काल त्यावरून नात रुसून आली. मी समजूत घालायला गेलो आणि मध्येच उठून आलो.

आमच्या कारखान्याच्या संघाला तुम्ही शिकवायचात तेव्हा वही नव्हती, तुमची सगळी भिस्त डोळ्यांवर. खेळाडूनं गुडघ्यांवर हात टेकले की तो दमला, असं तुम्ही मानायचात. म्हणून हात टेकायचेच नाहीत हे आम्ही शिकून घेतलं होतं. आम्ही सगळे कारखान्यात तात्पुरते. मैदानावर चमकलो तरच कायम होणार. दिवसभर यंत्रापाशी उभं राहायचं आणि पाचला मद्रासच्या त्या उकाड्यात सिमेंटच्या कोर्टवर उतरायचं. मध्यंतरात कढीपत्त्याचं ताक देता देता तुम्ही तुमच्या तंजावरी मराठीच्या हेलात विचारायचात, कुणाला बसायचंय. सगळे नाही म्हणून माना हलवायचे. मला विचारायचा प्रश्नच नव्हता, मी बसलेलाच असायचो.

आमच्यातला सगळ्यांत उंच गडी तुमचा लाडका. त्याला तुम्ही नेट्टै म्हणायचात, म्हणजे लंबू. त्या वर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत चार दिवसांत पाच सामने झाले आणि तुम्ही त्याला एक मिनिटही बाहेर काढलं नाहीत. मी त्याचा बदली खेळाडू. बाकावर बसून मी खेळ बघण्यापेक्षा ऐकायचो जास्त. उडी मारून तो खाली आला की दोन्ही पाय मिळून एकच आवाज यायचा. चौथ्या दिवशी सकाळच्या सामन्यात दोन आवाज यायला लागले. आधी उजवा, मग डावा, जड, पोतं टाकल्यासारखा. चेहरा मात्र हसरा, आणि हात कुठेही टेकलेले नाहीत. संध्याकाळी अंतिम सामन्यात तो चेंडूसाठी उडतो, उतरतो, आणि डावा गुडघा आत वळतो. तुम्ही "पोदुम, पोदुम" करत धावता. पुरे म्हणायला तुम्हाला तेव्हा सुचलं.

तो पुन्हा खेळला नाही. कायमही झाला नाही, गावी परत गेला. त्याच्या जागी मी खेळलो, कायम झालो, आणि पुढे नोकरी सोडून अंबत्तूरला स्वतःच्या वर्कशॉपची शेड टाकली. बेअरिंग जायला आलं की मला सगळ्यांच्या आधी ऐकू येतं आणि मी तिथल्या तिथे यंत्र थांबवतो. पोरं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही.

त्याचा गुडघा गेल्यावर महिन्याभरानं मी नुंगंबाक्कमला तुमच्या घरी आलो होतो. काकूंनी स्वयंपाकघरात पाटावर बसवून इडल्या वाढल्या. तुम्ही ताटाला हात लावत नव्हता.

"तुझे कान तिखट रे," तुम्ही म्हणालात. "तुला काही कळलं होतं की काय?"

"नाही, मास्तर."

"मग चुकलं ते माझंच."

काकू म्हणाल्या, जेवताना कसला विषय काढता. तुम्ही उठलात. त्या आठवड्यात संघही सोडलात आणि उरलेली वर्षं शाळेत कवायत घेत काढलीत. लोक विचारायचे तेव्हा वय झालं म्हणून सांगायचात. चाळिशीतच होता तुम्ही.

मी गप्प राहिलो तो संकोचानं, असं मी स्वतःला सांगत आलोय. बदली खेळाडूनंच त्याला बाहेर काढा म्हणायचं, तर लोकांना काय वाटेल? हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. हा कागद पाठवायला तुम्ही आता हयात नाही, आणि असता तरी मी तो टपालात टाकला नसता. त्या सकाळी दुसरा आवाज कानावर आला, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलंच नाही, मास्तर. खाली वाकलो आणि माझ्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या.