बंडीवर शिकलेलं हेलिकॉप्टर

सर,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आता मला तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. भांडण तुमच्याशी आहे की माझ्याशीच, हे मात्र तीन आठवडे झाले तरी ठरत नाही. आंजीच्या आपल्या शाळेत, तुमच्याच विज्ञानाच्या तासाला मी उभा राहतो, हे तुम्ही पाहून गेलात. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आलो होतो आणि तुम्ही पेढा तोंडात टाकून विचारलं होतं, "शिकवशीन का नुसता पगार घेशीन?" शिकवलं सर. काय शिकवलं, तिथंच घोटाळा झालाय. आणि कारण आहे हेलिकॉप्टर. हसू नका.

आम्ही आठवीत होतो. कुठल्याशा सभेला निघालेलं हेलिकॉप्टर शाळेवरून गेलं आणि आख्खा वर्ग बाहेर पळाला. तुम्ही छडी घेऊन मागे याल असं वाटलं होतं. तुम्ही आलात ते चपला हातात घेऊन, आमच्याही पुढे धावत. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला तुमच्या वावरात नेता. ज्वारी हुरड्यावर आलेली आहे, पाखरं हाकायची गोफण मचाणावर पडली आहे. तुम्ही ती उचलता, बैलबंडी जुंपायला लावता, पायजमा खोचता आणि बंडीवर उभे राहता. बैल चालू लागतात. तुम्ही डोक्यावर रिकामी गोफण गरगरा फिरवता आणि ओरडता, "पाहा रे! या बाजूले दोरी बंडीसंग पुढं चालली, दोघीचा वेग जमा होते. त्या बाजूले ते मांगं येते, तिथं वजा होते. बंडी जितकी पळवान, तितकी ते बाजू लंगडी!" हेलिकॉप्टरच्या पंख्याचंही तसंच, तुम्ही सांगितलंत. एका बाजूचं पातं समोरच्या हवेवर चालून जातं, दुसऱ्या बाजूचं मागे सरतं, त्याला हवा कमी मिळते. फार वेग घेतला तर ते त्या बाजूला कलंडू पाहतं. म्हणून हेलिकॉप्टरला विमानासारखं पळता येत नाही. एवढ्यात बैल बुजले आणि तुम्ही बंडीत धपकन बसलात. इतकं नीट मला पुढे कॉलेजातही कोणी शिकवलं नाही.

मग मी हात वर केला. "सर, बंडीवर दोघं उभे राह्यले अन् एकानं गोफण उलटी फिरवली तं?"

तुम्ही गोफण गुंडाळता गुंडाळता थांबलात. मग म्हणालात, "मले नाई माहीत. तू शोधून सांगजो."

पोरं एकमेकांकडे पाहून हसली. सरांना येत नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच तुम्हाला सगळ्यांसमोर पाडलं होतं. परत येताना एकानं चिडवलं, तेव्हा मी त्याची गचांडी धरून सांगितलं की सर नंतर मला एकट्याला म्हणाले, तसं होत नाई. तुम्ही असं काहीच म्हणाला नव्हतात. पण तेच मी धरून बसलो. पुढे मास्तर झालो आणि पंचवीस वर्षं पोरांना तेच सांगितलं, तेही तुमच्या नावानं: आमच्या सरांनी बंडीवर दाखवलं होतं, हेलिकॉप्टर ठरावीक वेगापेक्षा जोरात जाऊच शकत नाही, दोन पंखे लावले तरी. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं. अजूनही कधी कधी तुमचा आवाज आठवायला जातो, तर "होत नाई" असाच ऐकू येतो.

मागच्या वर्षी नववीतली एक पोरगी विज्ञान प्रदर्शनीसाठी मॉडेल घेऊन आली. तिचा बाप गावात कूलर दुरुस्त करतो. खेळण्यातल्या मोटरी आणि कूलरच्या जुन्या टाकीचं प्लास्टिक कापून केलेली पाती. वर दोन पंखे, एकावर एक, उलटसुलट फिरणारे. शेपटीला एक छोटा पंखा, ढकलायला. पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'वेगवान हेलिकॉप्टर'. मी तालुक्याला पाठवायची नावं निवडत होतो. तिनं समजावायला सुरुवात केली, "सर, दोनी बाजूले एक एक पातं पुढं जाते ना, मंग..." मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. विज्ञानात मनाचं चालत नसतं, असं सगळ्यांसमोर म्हणालो आणि ज्वालामुखीचं मॉडेल पाठवलं. तिनं मोटरींच्या वायरी काढल्या, मॉडेल पिशवीत घातलं आणि गेली. तेव्हापासून ती वर्गात हात वर करत नाही. आता दहावीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलवर एक व्हिडिओ आला. हुबेहूब तिचं मॉडेल, फक्त खरं, माणूस बसलेलं, आकाशात. साध्या हेलिकॉप्टरच्या दीडपट वेगानं जाणारं. हल्ली काहीही खोटं बनवतात म्हणून मी आधी विश्वासच ठेवला नाही. मग वाचत सुटलो. खरं आहे सर, आणि आजचंही नाही. वेगवेगळ्या देशांत वर्षानुवर्षं हीच शर्यत चालू आहे. आणखी एक तर वर एकाच पंख्याचं आहे, बाजूंना आखूड पंख, त्यांवर पुढं ओढणारे नाहीतर ढकलणारे छोटे पंखे. आणि ऐका, फार जोरात जायचं असेल तर म्हणे वरचा मोठा पंखा हळू करावा लागतो. हळू करून जोरात! हे मी चार वेळा वाचलं. एकदा कळतं, चहा पिऊन पुन्हा बसलो की कळत नाही. तुम्ही असता तर पुन्हा बंडी जुंपली असती. म्हणजे तुम्ही शिकवलेलं बरोबरच होतं ना? ती अडचण खरीच आहे, म्हणून तर हे सगळे खटाटोप. मग मी चूक काय शिकवलं? तुमचं बरोबर होतं, माझा प्रश्न बरोबर होता, पोरीचं बरोबर होतं, आणि तरी तिला मी घरी पाठवलं. हे गणित मला सुटत नाही.

इथवर रविवारी लिहिलं होतं. बायको भाजी निवडत होती, ती म्हणाली, "मेलेल्या माणसाले पत्र लिवून राह्यले तुमी. जिती पोरगी रोज शाळेत दिसते, तिच्यासंग बोलत काऊन नाई?" मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या पोरीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि म्हटलं, "मागच्या वर्षी तुझं बरोबर होतं. मी चुकलो."

ती ओढणीचं टोक पिळत होती. म्हणाली, "मले माहीत होतं सर. मी व्हिडिओ पाह्यला होता त्याचा."

"मंग तेव्हाच बोलली काऊन नाई?"

"सगळे होते ना तिथं. तुमाले कसं वाटलं असतं?"

शनिवारी यंदाची नावं जाणार आहेत, ते हेलिकॉप्टर पुन्हा कर, तुझं नाव मी स्वतः पाठवतो, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "यंदा मी गांडूळखताचं करून राह्यली सर. त्याले कोणी नाई म्हणत नाई." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमी म्हणत असान तं करीन."

मी म्हणेन तर! म्हणजे मी नाही म्हटलं तेव्हाही तिनं ऐकलं, आणि आता हो म्हटलं तरी ऐकणार. सर, ही मी शिकवलेली पोरगी आहे. हे सारं तिला पुस्तकातून नाही मिळालं.

उद्या दहावीवर माझा तास आहे. सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं, तर सगळ्यांसमोरच चूक कबूल करायला हवी, एवढं तरी मला कळतं. जमेल की नाही, सांगता येत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून ठेवून देईन. फक्त एक राहिलं, तेवढं तुम्हाला सांगतो, तिला सांगणार नाही. "तुमाले कसं वाटलं असतं" असं ती म्हणाली ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं. पोरगी चांगल्या वळणाची आहे, असं वाटलं.