झाकण लावल्यावर

बाबा, तुमचं शेवटचं काम परवा माझ्या टेबलावर आलं. काकांच्या व्हॅनमधला ॲम्प्लिफायर. काकांनी तो जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पोटाशी धरून आणला आणि काउंटरवर ठेवता ठेवताच म्हणाले, "पोट्टे, हा दुरुस्त करून दे. नवीन दाखवू नको मले." मी काही दाखवायला निघाले नव्हते, पण आलेल्या माणसाला आधी नवीनच दाखवायचं ही सवय आता माझ्या तोंडावर दिसत असावी. तुम्ही गेल्यावर दुकान फार बदललं. गोल बाजाराच्या मागच्या गल्लीतला गाळा तोच, शटरही तेच, अजून तसंच मध्ये अडकतं. पण समोर सीट कव्हरं लटकतात, काचेच्या कपाटात गाडीत बसवायचे मोठाले स्क्रीन लागलेत, आणि तुमचं दुरुस्तीचं टेबल मागे माठाजवळ सरकलंय. त्यावर बहुतेक वेळ चहाचे उष्टे कप असतात. कुणी बिघडलेला ॲम्प आणला की मी तो उलटासुलटा करून बघितल्यासारखं करते आणि म्हणते, भैया, इसमें कुछ नहीं रखा, नया ले लो. तुम्ही ऐकलं असतं तर दिवसभर माझ्याशी बोलला नसता. पण नुसत्या दुरुस्तीवर दुकान चालत नाही बाबा, आणि तुमच्या वेळीही ते चालत नव्हतं, तुम्ही ओढत होता.

काका आता फार वाळलेत. पूर्वी ऑफिस सुटलं की पुरानी बस्तीतल्या स्वतःच्या घरी न जाता थेट दोस्ताकडे, तुमच्या स्टुलासमोर येऊन बसणारे, चहाचा दुसरा कप स्वतःच मागवणारे काका; आता शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल दिसते. त्यांची व्हॅन आता भंगारात जाणार आहे. त्यांच्या मुलाचा भिलाईहून मला फोन आला होता. आपल्या इकडच्या ह्या पोरांना मराठी समजतं सगळं, पण बोलायची वेळ आली की हिंदीच. "दीदी, आप ही पापा को समझाइए ना. गाड़ी ही कबाड़ में जा रही है, उसमें पुराना एम्प बनवाके क्या करेंगे? घर के लिए कुछ नया दे दीजिए." मला ते पटलं. मी काकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "गाडी जाईन तं जाईन. त्याच्या आधी एकडाव वाजला पाहिजे." मी विचारलं, "इतकी वर्षं चांगला वाजत होता ना काका? मग आत्ताच काय झालं?" "हव," एवढं म्हणून ते लटकवलेली सीट कव्हरं न्याहाळायला लागले. सीट कव्हरांत काकांना कसला रस, असं माझ्या मनात आलं आणि मी ते सोडून दिलं.

उलटा केल्यावर पहिल्यांदा दिसले ते स्क्रूंवरचे नेलपॉलिशचे थेंब. गडद जांभळे. आईला तो रंग मुळीच आवडला नव्हता, आठवतं? आपल्याकडे प्रत्येक ॲम्प बंद करून झाला की स्क्रूवर एकेक थेंब पडायचा. मधे कुणी तो उघडला तर थेंब फुटतो आणि लगेच कळतं, यासाठी. त्यापायी तुम्ही बांगडीवाल्याच्या दुकानात बायकांच्या गर्दीत उभं राहून बाटल्या निवडायचा आणि तो तुम्हाला चिडवायचा, की भैया, आज कौन से हाथ में लगेगी? निम्मी बाटली दुकानात संपायची, उरलेली आईकडे यायची. बोटांना न शोभणारे रंग लावून आई महिना महिना काढायची आणि वर कुरकुरायची. ही जांभळी बाटली शेवटची. ती आईनं वापरलीच नाही.

काकांच्या ॲम्पवरचे थेंब सगळे जसेच्या तसे होते. म्हणजे तुमच्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. पातळ पेचकस घेऊन मी थेंब खरवडले तेव्हा क्षणभर वाटलं, बाबांनी बंद केलेलं दार आहे आणि आत तेच बसलेले असतील, काहून आली म्हणून विचारतील.

ते दिवस मला नीट आठवतात. साखरेनं तुमची नजर नेली होती. समोरच्याचं तोंड तुम्हाला धुरकट दिसायचं, पण दुकान बंद करू असं मी म्हटलं की तुम्ही उखडायचा. "बोटं हायेत ना माही?" असं म्हणून दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरायचा. आणि खरंच बोटांनी काम करायचा. तारेचा रंग मला विचारायचा, कथलाचा डाग द्यायला मला लावायचा, पण उघडणं आणि बंद करणं तुमच्याकडे. काकांचा ॲम्प त्याच दिवसांतला. तो उघडा असताना आपण दोघांनी वाजवून पाहिला, छान वाजला. मग मला आईचा रिपोर्ट आणायला जायचं होतं. मी परत आले तोवर तुम्ही तो बंद करून, थेंब सोडून, काकांच्या हातात दिलाही होता. थेंब स्क्रूच्या जरा बाजूला पडलेत, हे परवा दिसलं.

झाकण काढलं. ट्रान्झिस्टर सरळ ॲम्पच्या धातूच्या अंगाला टेकलेले होते. मधे माइकाची चकती नव्हती. एकाही खाली नव्हती.

तुम्हाला मी काय माइका शिकवणार! पहिल्या आठवड्यात तुम्हीच शिकवलं होतं. ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून त्याला धातूच्या अंगाला आवळून बसवायचं. पण मधे अभ्रकाची ती पातळ चकती हवी, नाहीतर करंट सरळ अंगात उतरतो आणि खेळ खलास. उघडा असताना तो वाजतो, कारण तेव्हा कशालाच टेकत नाही. बंद केला की जातो. पहिल्यांदा मी चकती विसरले होते तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओरडला होता. "उघडा तं कोणताबी वाजते! झाकण लावल्यावर वाजवून पाह्यलं काय तू? नाही नं? मंग थेंब काहून टाकला?" मी रडत घरी गेले आणि स्वयंपाकघरात आईच्या मागे पीठ मळत बसले. तुम्ही उशिरा आला, चप्पल न काढता आत आला आणि नेलपॉलिशची बाटली माझ्या परातीशेजारी ठेवली. "उद्यापासून थेंब तूच टाकत जा," म्हणाला. तेवढंच. माफी मागणं तुमच्या स्वभावात नव्हतं आणि मलाही ती नको होती. ती बाटली मला कुठल्याही दागिन्यापेक्षा मोठी वाटली होती.

आणि त्या दिवशी मी रिपोर्ट आणायला गेले, म्हणून थेंब तुम्ही टाकलात. अभ्रक काचेसारखं आरपार. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही ते टेबलावर शोधावं लागतं. तुम्ही बोटांनी चाचपलं असेल, आहे असं वाटलं असेल. बंद केल्यावर वाजवून पाहिलं का नाही, ते मात्र मला कळत नाही. काका घाईत असतील. किंवा तुम्ही थकला असाल.

आतला तांब्याचा पट्टा जळून काळा पडला होता, बाहेरचा फ्यूज उडालेला. मी टेबलावर हात ठेवून बराच वेळ हिशेब लावत होते आणि तो एकाच जागी येत होता. थेंब शाबूत आहेत, म्हणजे कुणी उघडला नाही. चकत्या नाहीत, म्हणजे तो वाजला नाही. काकांनी व्हॅनमध्ये लावून बटण दाबलं त्याच क्षणी गेला. बाबा, तुमचं शेवटचं काम एक दिवसही वाजलं नाही.

आणि काका रोज तुमच्यासमोर बसून सांगायचे, "क्या बजता है रे! काय वाजून राहिला बाप्पा!" तुम्ही अंथरुणाला लागला तरी पहिला प्रश्न तोच असायचा, "कसा वाजून राहिला?" आणि उत्तरही तेच. काका गेले की तुम्ही आईला बोलावून ते पुन्हा सांगायचा. तेवढ्यावर तुमचा दिवस जायचा. आई अजून आल्यागेल्याला सांगते, की हे गेले पण यांच्या हातचं अजून वाजतंय.

मला एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. काकांची व्हॅन आधी गल्लीच्या तोंडाशी असतानाच दुकानात ऐकू यायची. गाणं पुढे, काका मागे. तुम्ही दुरुस्त करून दिल्यावर काका चालत यायला लागले. उन्हात, पावसात, पुरानी बस्तीतून पायी. विचारलं तर म्हणायचे, डॉक्टरनं चालायले सांगतलं. आम्ही त्यांची थट्टाही केली होती, की आता काका पैलवान होणार. त्यांना तुम्हाला ती मुकी गाडी ऐकवायची नव्हती, म्हणून एवढा मोठा माणूस घामाघूम होऊन यायचा. आणि तुम्ही गेल्यावरही त्यांनी तो दुसऱ्या कुणाकडे नेला नाही, काढून टाकला नाही, आम्हाला अवाक्षर सांगितलं नाही. मला रडू आलं बाबा. तुमच्यासाठी की काकांसाठी, ते ठरवता आलं नाही.

सोपा रस्ता होता. नव्या ॲम्पचं आतलं सगळं काढून तुमच्या पेटीत बसवायचं. वाजलाही असता झकास. मी कपाटातून नवा डबा काढून आणलासुद्धा. मग तो परत ठेवला. चुन्याची ती डबी, जिच्यात तुम्ही चकत्या ठेवायचा, ती खणात तशीच आहे. आत काही चकत्यांना पांढरी पेस्ट वाळून चिकटलेली होती, म्हणजे त्या वापरून काढलेल्या. याच ॲम्पमधल्या काढून ठेवलेल्या असतील का, कोण जाणे. त्याच पुसून घेतल्या. नवे ट्रान्झिस्टर घातले, तेही आता अस्सल मिळत नाहीत, जे मिळाले ते घातले. जळलेल्या पट्ट्यावरून तार ओढली. उघडा ठेवून वाजवला. वाजला, पण डावीकडून घशात कफ अडकल्यासारखा. दोनदा पुन्हा डाग दिला, फारसा फरक पडला नाही. मग चकत्या बसवून, आवळून, झाकण लावलं.

तेवढ्यात काका आले. "झाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झाला काका. एक तार सुटली होती, बाकी काही नाही. बाबांचं काम पक्कं होतं." त्यांनी खरवडलेल्या स्क्रूंवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मंग! मी सांगतलं नवतं?" आता फक्त वायरी जोडायच्या आणि बटण दाबायचं एवढंच राहिलं होतं. माझा हात तिथपर्यंत गेला. पण तो वाजला असता तर काकांनी तो माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकला असता, आणि पहिल्यांदा ऐकतायत हे त्यांच्या तोंडावर दिसलं असतं. ते मला बघायचं नव्हतं. आणि नसता वाजला, तर मग आम्हाला दोघांनाही बोलावं लागलं असतं. मी वाजवून न पाहताच तो टॉवेलमध्ये गुंडाळून दिला. थेंबही टाकले नाहीत.

आज काका आले. खुर्चीवर टेकले, चहा मागितला, आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "काय वाजून राहिला पोट्टे! तुह्या बाबानं करून देल्ता नं, अगदी तस्साच."

मी कप त्यांच्या हातात दिला. विचारलं, "गाडी नाही आणली?" म्हणाले, "चालत आलो. डॉक्टरनं सांगतलंय."

व्हॅन उद्या भंगारात जाईल. संध्याकाळी दुकान बंद करून मी स्कूटी पुरानी बस्तीकडे घेतली, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलेही. घरासमोर ती उभी दिसत होती. म्हटलं असतं, काका, जरा ऐकवा ना, तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं. मी स्कूटी वळवली. आईला सांगितलं, काकांचा ॲम्प दुरुस्त झाला, छान वाजतोय. ती खूश झाली. हे मी तिला वाचून दाखवणार नाही, कुणालाच दाखवणार नाही.

तुम्हाला काकांनी फसवलं असं मला परवापासून वाटत होतं. पण घरी येताना आठवलं, रोज "कसा वाजून राहिला?" विचारणारे तुम्ही, काकांना एकदाही म्हणाला नाहीत की गाडी घेऊन ये, मले ऐकू दे.