शंभरातले अकरा

४ मार्च
तपासणीसाठी गव्हाचे शंभर दाणे मोजले. अकरा पोखरलेले. वहीत लिहिले — दोन! ट्रक दारात उभा, गोदामबाबू डोक्यावर. "बाई, वृद्धाश्रमाचा गहू आहे, तिकडे कोण भिंग लावून बसणार? दोन लिहा आणि मोकळ्या व्हा." लिहिले. हात कसा चालला कुणास ठाऊक.

५ मार्च
घरी बोलले नाही. गोदामातल्या याच तपासणीच्या टेबलावर माझ्याआधी बाबा बावीस वर्षं बसले. त्यांच्या सचोटीचं अजून नाव निघतं. कुठल्या तोंडाने सांगू?

१८ मार्च
पोत्याला कान लावला की ऐकू येतं — आत अळ्या दाणा कुरतडतात. बारीक, कोरडी कुरकुर. आता पोतं नसलं तरी ऐकू येते. चहा गाळताना. बसमध्ये. केस विंचरताना!
सोंडा किडा दाण्यात अंडं घालतो आणि वरून भोक बुजवतो. म्हणजे मी चांगले म्हणून मोजलेले एकोणनव्वद... त्यांतलेही किती?

१० एप्रिल
वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकीणबाईंचा फोन. "ताई, पीठ कडू लागतंय हो. म्हातारी माणसं ताट तसंच सारतात."
लगेच गेले. पोत्यात हात घातला — आत गरम! सोंडे इतके, की गहूच हलतोय असं वाटलं. मूठभर पाण्यात टाकला, निम्मा तरंगला. नुसती टरफलं. बाई म्हणाल्या, "चाळते, निवडते, उन्हात घालते. पण किड्यांनी खाल्लेलं सत्त्व कुठून आणू?" उरलेली पोती बाजूला काढायला लावली.
खिडकीशी एक आजी. मनगट काडीसारखं. "तू डॉक्टर का गं?" नाही म्हटलं.

११ एप्रिल
गोदामबाबू म्हणतो, "इथून गेला तेव्हा माल चोख होता. त्यांनीच नीट ठेवला नाही, असं लिहून द्या." म्हणजे खापर त्या बाईंच्या डोक्यावर! नाही लिहिलं.
उद्या मुख्य कचेरीत जाऊन खरा आकडा सांगणार. नोकरी गेली तर गेली. पण आधी बाबांना सांगायला हवं. त्याचीच जास्त धास्ती.

१२ एप्रिल
सांगितलं. बाबा कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग उठले.
"थांब, चपला घालतो. मीही येतो. माझेही आकडे सांगायचे राहिलेत."