मापटंभर धने

उस्मानपुरा, औरंगाबाद
२ जून १९९४

तीर्थस्वरूप मनकर्णा वहिनींस,

बद्रीचा दंडवत. इकडं सगळे ठीक. वच्छलाचं पित्त उसळलंय, पण ते लग्नाआधीपासूनच. त्याचं खापर तरी माझ्यावर फुटायचं नाही. अंबिका सासरी रमली. दादांच्या मोतीबिंदूचं काय ठरलं?

व्याह्यांचं पत्र आलं. मांडवाची तारीफ आहे, सनईची आहे, जेवणाबद्दल अक्षर नाही. पुण्याचा माणूस जेवणावर गप्प बसला की समजून घ्यायचं.

तर येसर आमटीचं. पत्रिका द्यायला आलो तेव्हा तुम्ही येसराच्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं होतं, डाळ इतकी मापटी, धने इतकी मापटी. आचारी म्हणाला, "किलोत सांगा साहेब." तुमचं मापटं मी मागं एकदा डाळ भरून तोललं होतं, अर्ध्या किलोला जरा कमी. तोच आकडा धन्यांना लावून मोकळा झालो. दर रविवारी पेपरात लोकांच्या अकलेची टर उडवणारा मी. धने मापात फुगून बसतात आणि तराजूत हलके पडतात, एवढं सुचलं नाही. परवा घरी तोलून पाहिले. मापटंभर धने डाळीच्या निम्मेही भरेनात. म्हणजे येसरात दुपटीहून जास्त पडले, आणि आमटीचा काढा झाला.

हिशेब चुकला, असं लिहिलं की बरं वाटतं. हिशेब भल्याभल्यांचा चुकतो.

पण तुम्ही म्हणाला होता, "भावजी, मी चार दिस आधी येते, येसर माझ्या हातानं करते." मी तुमचे गुडघे पुढं केले. गुडघे दुखतातच, लटकं काही नव्हतं. फक्त माझ्या डोळ्यांपुढं गुडघे नव्हते. तुम्ही मंगल कार्यालयाच्या फरशीवर पाय पसरून बसलायत, मोठ्यानं "लाभ, दोन, तीन" म्हणत माप टाकताय आणि व्याही बघताहेत, हे दिसत होतं. लाज वाटली. तुमच्या हातचं खाऊन मॅट्रिक झालेल्या माणसाला.

पंगतीत व्याह्यांनी एक भुरका मारून वाटी सरकवली आणि विचारलं, मसाला कुणाचा? मी हसून म्हणालो, "वहिनींचं प्रमाण. खेड्यातलं माप, चालायचंच."

तुम्ही समोरच्या पंगतीत होतात. मान वर केली नाहीत. वाढप्याला म्हणालात, "मला आनखी वाढ रं. आमच्यात अशीच असती." आणि दुसरी वाटी संपवलीत.

संध्याकाळी न सांगता एसटीनं गेलात. रुखवत आवरताना वच्छलाला तुमची पुरचुंडी सापडली. गाठ तशीच, वास मात्र घरभर. येसर करून आणलं होतंत, आणि माझं बोलणं ऐकूनही ते कुणाला दाखवलं नाहीत. वच्छला म्हणते, सोडा, आमटी करू. मी हात लावू देत नाही.

व्याह्यांना आज खरं काय ते कळवलं. ते सोपं गेलं. पुणं लांब आहे. तुमचं फर्दापूर जवळ, म्हणून पाय निघत नाही.

तरी रविवारी येतो, पुरचुंडी घेऊन. आमटी वाढलीत तर दोन वाट्या पिईन. नाही वाढलीत तर उंबऱ्यावरूनच परत फिरेन. गुडघ्यांचं विचारणार नाही.

तुमच्या ताटातला,
बद्री