आबांचा होकार

पिंपळवंडी,
रविवार

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जयभीम. फोनवर आबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र. नारायणगावच्या मार्केटातून गावातल्या आदेशचा टोमॅटोचा ट्रक तुमच्या गांधीधामकडे निघालाय, त्याच्या हाती देतेय. फाडायचं तर वाचून फाड. मी घाबरलेय रे. तुला माहीत आहे, मी सहजी घाबरणारी नाही. विहिरीत पहिली उडी मी मारायचे आणि तू काठावर बोंबलायचास. पण हल्ली शिकवता शिकवता मध्येच विसरते. कॉम्प्युटर क्लासातली पोरं विचारतात, मॅडम, बरं नाही का.

आबांना झटका आला हे आईने तुला कळवलंच होतं. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ऐकतात सगळं, पण तोंडातून नुसता आवाज येतो. म्हणून मी क्लासातला जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. डाव्या हाताने ते एकेक बटण शोधून दाबायचे, पण अक्षरं मागेपुढे व्हायची, काही गळायची, आणि शब्दाचा पत्ताच लागायचा नाही. मग मला सुचलं. चुकलेले शब्द दुरुस्त करणारा एक तयार प्रोग्राम मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. त्याच्याजवळ ढीगभर मराठी शब्द असतात. वेडावाकडा शब्द दिला की तो त्याच्या जवळचे शब्द सुचवतो. मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून ती लायब्ररी त्याला जोडली. आबांनी टाइप केलेला शब्द तिच्याकडे जायचा, ती पहिला जो सुचवेल तो घ्यायचा, आणि वाक्य मोठ्या अक्षरांत पडद्यावर यायचं. मी विचारायचे, आबा, हेच ना? ते हो म्हणून मान हलवायचे.

पहिल्यांदा पडद्यावर 'चहा' आला तेव्हा आईने तोंडाला पदर लावला. "बोललं गं माझं माणूस," म्हणून अशी रडली की शेजारच्या बायडाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काही वाईटच झालं. मग 'ऊन', मग 'दार लाव'. लायब्ररीला आपली पिंपळवंडी ठाऊक नव्हती, आईचं नाव ठाऊक नव्हतं, ते शब्द मी तिला शिकवले. गावभर माझं कौतुक झालं आणि मी शेफारले, खोटं कशाला बोलू.

तू असतास तर आबांनी आधी नाहीच म्हटलं असतं. तुमचं जमलंय कधी? तुला मिशी ठेवायची, आबा नाही. तुला मोटारसायकल शिकायची, आबा नाही. डी.एड. अर्धवट टाकून क्रेन चालवायला निघालास तेव्हा तर ते अंगणात आडवे उभे राहिले, आणि तू त्यांना वळसा घालून गेलास. मला मात्र जन्मात कधी नाही म्हणाले नाहीत. मी याचा तोरा मिरवायचे. आता त्याचंच भय वाटतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली रक्ताची नळी आकसलीय. ऑपरेशन केलं नाही तर दुसरा झटका येऊ शकतो. केलं तर टेबलावरच काही होऊ शकतं. डॉक्टर म्हणाले, आबांना कळतं सगळं, त्यांनाच विचारा. मी घरी येऊन विचारलं. आबांनी कितीतरी वेळ बटणं दाबली. पडद्यावर आलं, 'ऑपरेशन करा'. हेच ना आबा? मान हलली. येत्या शुक्रवारची तारीख ठरली.

परवा दुपारी मी प्रोग्राममध्ये थोडा बदल करत होते. तपासायला म्हणून मीच एक खुळचट वाक्य टाकलं होतं, 'मला म्हैस विकायची आहे', आणि ते पुसायचं राहिलं. आपल्या दारात म्हैस होती कधी? आबा येऊन बसले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी 'ऑपरेशन नको' टाकलं. मान हलली. 'ऑपरेशन करा' टाकलं. पुन्हा हलली, वर गोड हसले. ते हसू मी ओळखलं रे. जुन्नरच्या ऑफिसात उभा जन्म शिपाई म्हणून काढला, साहेबाने पुढे धरलेल्या प्रत्येक कागदाला ते तसंच हसायचे. हो साहेब. आता साहेब म्हणजे मी आणि माझा पडदा.

होकार दिला त्या दिवशी त्यांनी खरोखर दाबलेली बटणं मी प्रोग्रामच्या नोंदीतून शोधून काढली. त्यात ऑपरेशन नव्हतं आणि नकोही नव्हतं, नुसती सांडलेली अक्षरं होती. 'ऑपरेशन' हा शब्द विचारण्याआधी मीच लायब्ररीला शिकवला होता, म्हणून तिने तोच पुढे केला. आबांच्या तोंडी मी माझंच बोलणं घातलं. आईला सांगितलं, तर म्हणते, "आता नगं उकरू बाई, ठरलंय ते व्हऊ दे." तीही भेदरलीय. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गुरुवारपर्यंत थांबतो; ज्याच्यापुढे ते मनातलं बोलतात असं कुणी घरात आहे का? मी म्हटलं, बघते. आमच्यापुढे ते फक्त हो म्हणतात.

काल सहज म्हणून पडद्यावर टाकलं, 'रत्नदीपला बोलवायचं का?' आबांनी वाचलं, आणि डाव्या हाताने कीबोर्ड असा ढकलला की स्टुलावरून खाली पडून दोन बटणं उडाली. मान नाही म्हणून गरागरा हलत होती. डोळे लाल. आई ओरडली, आणि मी, तुझी शपथ, आनंदाने रडले. त्यांचं 'नाही' अजून जिवंत आहे रे, आणि ते फक्त तुझ्यासाठी राखून ठेवलंय. म्हणून लिहिलं हे. ट्रक परत फिरेल त्यातच बस. आबांसमोर उभा राहा, नेहमीसारखा उर्मटपणे, आणि विचार, ऑपरेशन करायचं का? नाही म्हणाले तर मी तारीख मोडते. आणि तुला, चुकून, हो म्हणाले, तरच मी त्यांना त्या टेबलावर झोपवीन. गुरुवारच्या आत ये. मला फार भीती वाटते.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
प्रज्ञाआक्का