वाजवून घेतलेला तवा

२ जानेवारी, शुक्रवार

तवा घेतला! बिडाचा, जाडजूड, दोन्ही बाजूंना मुठी. एका वेळी तीन धिरडी आरामात बसतील.

सुकन्या म्हणत होती, मोबाइलवर मागवू, घरी आणून देतात. म्हटलं, बाई, फोटोतला तवा तू वाजवणार कसा? लेक माझी हुशार आहे, पण साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या घालून कंटाळली. सोमवारपासून अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तोंडाशी, स्वतःची धिरड्यांची गाडी लावणार. गाडी तिची, पीठ तिचं, धाडस तिचं. तवा तेवढा मी बघायचा. बघणारच! आमच्या गल्लीतला एकेक तवा मी पारखून दिलाय.

इसूफच्या भांड्यांच्या दुकानात त्याचा जीव खाल्ला. एक तवा फरशीवर ठेवला तर डुगडुगला — बाजूला. एकाच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं — बाजूला. एकाची एक कड जाड, दुसरी पातळ. असल्या तव्यावर धिरडं इकडं करपतं आणि तिकडं कच्चं राहतं. एकाला तर चकचकीत काळा रंग फासलेला. रंग कशाला लागतो? काहीतरी झाकायलाच! शेवटी दोन उरले. मग दुधनीच्या बाजारात अव्वानं, माझ्या आईनं, शिकवलं होतं तसं केलं — एका मुठीला धरून तवा अधांतरी लटकवायचा आणि बोटाच्या पेरानं ठोकायचा. चांगल्या बिडाचा नाद थेट मनगटात येतो. चिरलेला तवा बद्द वाजतो. दोघांतला एक निवडला.

इसूफ माझ्या पाठीमागं शिडीवर चढून वरची भांडी काढत होता. मी वाजवत होते तोवर मध्ये एक शब्द बोलला नाही. दुकानदार असावा तर असा!

३ जानेवारी

तवा धुतला, मंद आचेवर तापवला, तेल पाजलं, अर्धा कांदा घासला. पुन्हा तेल, पुन्हा आच. दिवस त्यातच गेला. काळाभोर झालाय. सुकन्या दोनदा हात फिरवून गेली.

समोरची शिवबाई दारात येऊन भांडली. "कवाधरनं हाका मारायलेय, घसा बसला की माझा!" मग जोरात मारायच्या! हल्ली सगळी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कसं होतं — शेडभर मागांची खटखट, तरी सुताच्या कांड्या भरता भरता पलीकडच्या बाईचं सगळं गाऱ्हाणं कळायचं. तिचे ओठ बघायचे, झालं. निम्मं आयुष्य तिथं गप्पा मारल्या आम्ही. कुणाचा घसा बसला नाही!

कुकरची शिट्टी बिघडली आहे. डाळ करपली.

५ जानेवारी, सोमवार

तवा तडकला.

६ जानेवारी

काल पुढं लिहवलं नाही.

पहिली पाळी सुटली होती. माणसं सायकली लावून गाडीभोवती उभी. पहिली धिरडी सुरेख उतरली, जाळीदार. एकानं दुसऱ्यांदा मागितलं. सुकन्याचा चेहरा काय फुलला होता! आणि मग मुठीपासून मधोमध चीर गेली. पीठ खाली जाळावर. धूर. सुकन्या उलथनं हातात धरून नुसती उभी. एक जण म्हणाला, "ताई, तवा म्हणून कौल आणलंय काय?" सगळे हसले. मला त्याच्या डोक्यात तोच तवा घालावासा वाटला.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, तापलेल्या तव्यावर गार पाणी मारलंस ना? "न्हाय आई. एक थेंब न्हाय मारला." मग रडली. साड्यांचं दुकान सोडून आलेली पोरगी, पहिल्याच दिवशी चारचौघांत हसं झालं तिचं.

आता ऐक. तिनं पाणी मारलं नाही. मी वाजवून घेतला. मग उरला कोण? इसूफनं बांधताना तवा बदलला. दुसरं काही असूच शकत नाही. उद्या बघते त्याला!

७ जानेवारी

बघितलं! फुटका तवा पिशवीत घालून गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलले.

इसूफ काय म्हणतो? "मावशी, मी त्याच येळी बोल्लो की! ह्यो नका घेऊ, बद्द वाजतोय, दुसरा घ्या. दोनदा बोल्लो. तुमी तिकडं तोंड करून वाजवतच बसला. वाटलं, मावशीला जास्ती कळतंय, आपण कशाला तोंड घालावं."

खोटं! साफ खोटं! एक अक्षर बोलला नाही. मी काय झोपेत होते?

वर म्हणतो, "जाऊ द्या, दुसरा तवा तसाच न्या." भीक देतोय मला! म्हटलं, तुझा तवा तुझ्यापाशी ठेव. फुटका मात्र परत घेऊन आले. पुरावा आहे तो.

८ जानेवारी

नळावर सांगितलं. गिरणीत सांगितलं. शिवबाईला सांगितलं, म्हणजे अख्ख्या पेठेला सांगितलं. इसूफच्या दुकानाची पायरी कुणी चढू नका.

१० जानेवारी

घरातच फितुरी! सुकन्या नवा तवा घेऊन आली. कुणाकडून? इसूफकडून! त्या दिवशी शेवटच्या दोघांतला मी सोडलेला तोच. म्हणे ठणठणीत आहे. म्हणे इसूफच्या डोळ्यांत पाणी होतं, आपल्या गल्लीतलं कुणी फिरकत नाही त्याच्याकडं.

मी म्हटलं, खोटं बोलणाऱ्याचं असंच होतं.

तेव्हा ती माझ्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, एकदा कान दाखवू या का डॉक्टरला?"

कान! माझे! कारखान्यात माग बिघडला तर मिस्त्रीच्या आधी मला कळायचं. पायाखालची फरशी सांगायची. आणि आता हिच्याशी बोलतेय ती काय न ऐकता? प्रत्येक शब्दाला शब्द देतेय की नाही? मग? जेवले नाही. ताट तसंच झाकून ठेवलं तिच्यासमोर.

११ जानेवारी, रविवार

शिवबाई सांगत होती, काल संध्याकाळी गाडीवर रांग होती. नवा तवा छान चाललाय. बरं वाटलं. बघायला मात्र जाणार नाही. त्या तव्याचं तोंड बघायचं नाही मला.

सुकन्या पुन्हा तेच घेऊन बसली. "मग एक काम कर. चांगला आणि फुटका, दोन्ही मी वाजवते. फुटका कोणता ते तू सांग. पण हातात घ्यायचा न्हाय. आणि माझ्याकडं पाठ करून बसायचं."

हातात का नाही? पाठ का? आमच्यात असं कुणी तवा घेत नाही. तरी म्हटलं, बसते की! पाठ काय, डोळेसुद्धा मिटते. एक अट घातली — मी जिंकले तर इसूफच्या दुकानात भर गर्दीत जाऊन सांगायचं, माझी आई बरोबर होती. "सांगते," म्हणाली. हसली नाही.

उद्या सकाळी, पाणी भरून झाल्यावर. मी घाबरत नाही कुणाला.

१२ जानेवारी

भिंतीकडं तोंड करून पाटावर बसले. डोळे मिटले. सुकन्या मागं. किती वेळ बसवून ठेवलं मला! शेवटी ओरडले, "वाजव की गं आता! भितीस काय?"

खांद्यावर हात आला. वळून तिचे ओठ बघितले.

"वाजवले, आई. दोन्ही. तीन-तीनदा."