भिंगरीची तबकडी

सोमवार, ३ मार्च

भिंगरी आज थेट वाचनालयात! शाळा सुटल्यावर, दप्तरासकट. माझ्या टेबलावर गाण्यांची एक तबकडी ठेवली — ठेवली कसली, आपटलीच. "ही मुलांच्या कपाटात लाव. आणि बाबा, तू स्वतः ऐकायची. सगळी." घरी काहीही लावलं की मी पेपर वाचत ऐकतो, अशी तिची तक्रार. खोटी नाही.

रॉक बँड. कव्हरवर पडकं घर नि एकच बूट. मी म्हटलं, ताईसाहेब, शाळकरी पोरांनी काय ऐकावं ते समिती ठरवते, तुमचा बाप नाही. "मग समितीला ऐकव," म्हणाली नि गेली. पंधरा वर्षांची कार्टी, बापाला शिपाई समजते!

बुधवार, ५ मार्च

समिती म्हणजे तिघं — ग्रंथपालबाई, निवृत्त हेडमास्तर आणि गाण्यांचं कपाट सांभाळतो म्हणून मी. नियम जुना आहे: दार लावून ऐकायचं, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. म्हणजे एकाचं मत दुसऱ्याला चिकटत नाही.

ऐकली. देवा रे! गाणारा माणूस विहिरीच्या तळाशी बसून रेकत होता. एक शब्द कळेल तर शपथ. ड्रम तर असे, की कुणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवतंय. बाई डोळे मिटून. हेडमास्तर नखं बघत. मी घड्याळाकडे.

संपल्यावर हेडमास्तर म्हणाले, "पोरं झोपायची नाहीत हो."

"पोरांचं सोडा, मीच झोपणार नाही," बाई म्हणाल्या.

एकमताने नापास.

गुरुवार, ६ मार्च

भिंगरीला सांगितलं. भांडेल वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"सगळी ऐकलीस?"

"सगळी."

"आणि तुला काहीच वाटलं नाही?"

आता काय वाटायचं होतं? ताटावरून उठून गेली. ही म्हणते, एका तबकडीवरून बापलेकींनी काय लावलंय! मलाही तेच कळत नाहीये. पण वाईट वाटलं, फार.

शनिवार, ८ मार्च

अबोला चालू. मीठसुद्धा आईमार्फत मागते.

रविवार, ९ मार्च

अबोला सुटला — मीच सोडला. म्हटलं, त्या माणसाच्या गळ्याला काय झालंय ते तरी सांग.

"कोणता माणूस?"

"गाणारा."

"बाबा! ती बाई आहे!"

मग माझ्या पिशवीतून तबकडी काढली नि मधल्या गोल कागदावर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत — वेग मिनिटाला पंचेचाळीस फेरे! आमच्या कपाटातल्या झाडून सगळ्या तबकड्या तेहतीसवर फिरतात, यंत्राचं बटण वर्षानुवर्षं कुणी हलवलेलं नाही. चांगल्या गाणाऱ्या बाईचा आम्ही संथ करून करून राक्षस केला! भिंगरी हसून हसून जमिनीवर लोळली. मीही. किती दिवसांनी हसलो असे दोघं.

मंगळवार, ११ मार्च

फेरतपासणी. चूक सांगितली तर बाई म्हणतात, "मला शंका आली होती, पण बोलायचं नव्हतं ना. आणि म्हटलं, रॉक असंच असेल." हेडमास्तरांचंही तेच. माझंही तेच, खरं सांगायचं तर.

आता बटण पंचेचाळीसवर. खणखणीत आवाज! शब्द न् शब्द कळला. तिसऱ्या गाण्यात एक शिवी आहे. मी जरा चरकलो. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "शाळेच्या मैदानावर याहून ताज्या ऐकल्यात मी." शेवटच्या गाण्यात एक मुलगी लांब शिकायला निघालीय, वडिलांना सांगतेय — रागावून नाही जात मी. बाईंनी चष्मा पुसला.

पास! एकमताने!

बुधवार, १२ मार्च

बातमी दिली. नाचेल वाटलं होतं. तिने खुर्ची ओढली नि समोर बसली. "शेवटचं गाणं ऐकलंस?" म्हटलं, तेच तर सगळ्यांत छान.

"शाळा संपली की मलाही जायचंय, बाबा. लांब. तुला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. म्हटलं, आधी गाणं ऐकू दे."

"जा," म्हणालो. एवढंच जमलं. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.